पहिलीतलं मूल रुळतं म्हणजे काय होतं?

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्याही नंतर. पहिल्या आठवड्यात पहिलीच्या कुठल्याही वर्गात डोकावलं तर एक गोष्ट हमखास दिसते. बाई म्हणतात, "चला, सगळ्यांनी पाट्या काढा." निम्मी मुलं दप्तरात हात घालतात, निम्मी बाईंच्या तोंडाकडे बघत बसतात. मग बाई एकेकाजवळ जाऊन नाव घेऊन सांगतात, की लगेच पाटी बाहेर. मूल बहिरं नसतं, हट्टी नसतं आणि 'ढ' तर मुळीच नसतं. घरात त्याला आजवर जे काही सांगितलं गेलं ते त्याच्याकडे बघून, त्याला हाक मारून. तीस जणांना मिळून सांगितलेलं आपल्यालाही सांगितलेलं असतं, ही समज घरात यायचं कारणच नाही. ती वर्गात बसूनच येते आणि यायला काही आठवडे लागतात.

घरी आई विचारते, "डबा कुठे ठेवलास?" कारण तिला डबा सापडत नसतो. शाळेत बाई आंब्याचं चित्र दाखवून विचारतात, "हे काय आहे?" बाईंना एवढंही माहीत नाही की काय, असा प्रश्न एखाद्या चुणचुणीत मुलाला पडतो आणि ते गप्प राहतं. उत्तर ठाऊक असूनही विचारायची ही शाळेची रीत मोठ्यांच्या अंगवळणी इतकी पडली आहे की त्यात काही विचित्र आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. हजेरीत पुकारलेलं, वडिलांच्या नावासकटचं लांबलचक नाव आपलंच, हेही असंच शिकावं लागतं. शेजारच्यानं खोडरबर घेतलं तर लगेच गुद्दा न घालता बाईंकडे तक्रार न्यायची, तीही बाई दुसऱ्याशी बोलत असताना नाही, हे तर अवघडच.

आणि शू. करंगळी वर केली की बाई सोडतात, हे कळेपर्यंत आणि कळल्यावरही तेवढा धीर होईपर्यंत कितीतरी मुलं सकाळपासून दाबून धरतात. त्यासाठी पाणी पीत नाहीत. एखाद्याची चड्डी ओली झाली आणि चारजण हसले, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात दुखतं. इंग्रजी शाळांतल्या मुलांना यात आणखी एक अडथळा असतो. 'मे आय गो टू टॉयलेट' हे एका दमात म्हणायचं स्तोत्र पाठ झाल्याशिवाय सुटका नाही. अर्थ नंतर कधीतरी कळतो.

पालकसभेत आपण विचारतो, "रुळला का हो?" आणि लगेच पुढे, "आता अभ्यास सुरू झाला ना?" म्हणजे रुळणं ही पूर्वतयारी आणि खरं शिक्षण त्यानंतरचं, असं आपण धरून चालतो. माझ्या मते ही मांडणीच उलटी आहे. पहिलीच्या पहिल्या चार महिन्यांत मूल जे सर्वांत कष्टाचं शिकतं ते हेच, आणि वहीत त्याची एक ओळही उमटत नाही.

हे शिकणं किती झपाट्यानं होतं, याचा एक सुरेख पुरावा मानसशास्त्रात आहे. अमेरिकेत रॉबिन फिव्हश यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुकत्याच बालवर्गात गेलेल्या मुलांशी शाळेच्या दुसऱ्याच दिवशी, नंतर दुसऱ्या, चौथ्या आणि दहाव्या आठवड्यात गप्पा मारल्या. "शाळेत काय काय होतं?" असं विचारल्यावर मुलं दुसऱ्या दिवसापासूनच दिवसाचा क्रम सांगू लागली: आधी हे करतो, मग खेळतो, मग खातो, मग घरी. एकाच दिवसाच्या अनुभवावरून त्यांनी रोजचा आराखडा बांधून टाकला होता. पण "काल शाळेत काय झालं?" या प्रश्नाला उत्तर जेमतेम मिळे. या वयाचं डोकं आधी रोज काय होतं ते पकडतं. एखाद्या दिवसाचं वेगळेपण नंतर.

आपल्या घरातलं संध्याकाळचं संभाषण आठवा. "आज शाळेत काय केलं?" "काही नाही." मूल लपवत नसतं. त्याच्या दृष्टीनं आज रोजच्यासारखंच झालं, त्यात सांगण्यासारखं काय? त्याऐवजी "डबा खाल्ल्यावर तुम्ही काय करता?" असं विचारलं की गाडी सुरू होते आणि त्या ओघात आज कोण पडलं, कुणाला लागलं हेही आपसूक बाहेर येतं.

म्हणून पहिलीच्या वर्गात दिवसाचा क्रम स्थिर असण्याला फार महत्त्व आहे. प्रार्थना, मग गप्पा, मग गाणं, मग पाटी, मग खिचडी. पुढे काय येणार हे ठाऊक असलं की मुलाची अर्धी भीती जाते. नेमका हाच क्रम आपल्याकडे सहज मोडतो. जिल्हा परिषदेच्या लहान शाळांत दोनच शिक्षक असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबात ६० मुलांपर्यंत दोनच. त्यातले एक प्रशिक्षणाला गेले की उरलेल्या एकट्याकडे चारही वर्ग. त्याच कायद्यानं जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकांना लावायला मुभा ठेवली आहे. चौथीच्या मुलाला याचं फार काही वाटत नाही, त्याला आयती सुट्टी मिळते. पहिलीतल्या मुलाचं मात्र आत्ता कुठे मांडलेलं जग विस्कटतं. एवढं खरं की अशा शाळांत एक सोय आपोआप असते. तिसरीतली ताई त्याच खोलीत बसलेली असते आणि पहिलीतलं मूल सुरुवातीचे काही दिवस तिच्या बस्करावर जाऊन टेकतं. शहाणे गुरुजी त्याला तिथून उठवत नाहीत.

एका वर्षाच्या शाळेनं मेंदूत काय बदलतं, हेही मोजून झालं आहे. वाढत्या वयाचा परिणाम कुठला आणि शाळेचा कुठला हे वेगळं काढणं अवघड असतं, कारण मूल शाळेत जाता जाता मोठंही होतंच. संशोधकांनी त्यावर शक्कल काढली. प्रवेशाच्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेली, जवळजवळ एकाच वयाची मुलं घ्यायची. त्यांतली काही पहिलीत जातात, काही आणखी वर्षभर बालवाडीत राहतात. बर्लिनमध्ये गारव्हिन ब्रोड, सिल्विया बंज आणि यी ली शिंग यांनी अशा दोन गटांची वर्षाच्या आधी आणि नंतर तपासणी केली. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. वर्षभरात दोन्ही गट सुधारले, पण एखाद्या कामावर लक्ष टिकवून ठेवण्यात पहिलीची मुलं जास्त पुढे गेली होती आणि लक्ष देण्याशी संबंधित असलेला मेंदूच्या उजव्या बाजूचा पॅरायटल भाग त्यांच्यात अधिक काम करताना दिसला. एका जागी बसून, समोरच्या कामाकडे पुन्हा पुन्हा मन वळवण्याची सवय अशी मेंदूपर्यंत पोचते. मात्र यावरून मुलांना वर्षभर आधीच पहिलीत ढकलावं असा अर्थ कुणी काढू नये. बालवाडीतली मुलंही त्या वर्षात रिकामी बसली नव्हती.

रडण्याविषयी मात्र आपला सर्वांत मोठा गैरसमज आहे. रडू थांबलं की रुळलं, असं आपण मानतो. लीझेलोट्टे आनर्ट आणि सहकाऱ्यांनी २००४ साली जर्मनीतल्या पाळणाघरांत नव्यानं आलेल्या सुमारे सव्वा वर्षाच्या बाळांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की वाढणारं संप्रेरक, मोजलं. आई निघून गेल्यावर तासाभरात ते घरच्या पातळीपेक्षा ७५ ते १०० टक्क्यांनी वर गेलं. पुढच्या काही महिन्यांत रडणं-कुरकुरणं ओसरलं, पण पाच महिन्यांनंतरही संप्रेरकाची पातळी घरच्यापेक्षा जास्तच होती. ही बाळं फार लहान, आपल्या पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाशी त्यांची सरळ बरोबरी करता येणार नाही. तरी बाहेरून शांत दिसणारं मूल आतूनही शांत असेलच असं नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं.

शाळेत 'अगदी गुणी' म्हणून नावाजलेलं मूल घराच्या उंबऱ्यात पाऊल टाकताच चप्पल भिरकावतं, भाऊ-बहिणीला मारतं, शेंगदाण्याची चटणी दिली नाही म्हणून लोळण घेतं, ते यामुळे. पाच तास त्यानं स्वतःला आवरून धरलेलं असतं. जिथे रागावलं तरी कुणी टाकून देणार नाही, अशा ठिकाणी ते सगळं सोडून देतं. त्या अर्ध्या तासात बोधामृत पाजू नये. खायला द्यावं, जवळ बसावं.

जर्मनीतच १९८०च्या दशकात बर्लिनच्या हान्स-योआखिम लावेन आणि बेआटे आन्द्रेस यांनी लहान मुलांना रुळवण्याची एक पद्धत बसवली. आज ती तिकडच्या बालसंगोपन केंद्रांत सर्रास वापरतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर त्याच खोलीत तासभर बसतात, काही न करता. या दिवसांत मुलाला सोडून जायचंच नाही. चौथ्या दिवशी निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर. मूल रडलं आणि तिथल्या ताईंकडून शांत झालं, तर वेळ हळूहळू वाढवायची. झालं नाही तर आणखी काही दिवस आईनं सोबत बसायचं. आईशिवाय किती वेळ राहिलं याला इथे फार महत्त्व नाही. रडू आलं तर मूल ताईंकडे जातं का, हे पाहायचं.

आता आपला प्रवेशोत्सव बघा. ढोल-ताशा, फुगे, सजवलेल्या बैलगाडीतून मिरवणूक, रंगात बुडवलेल्या पावलांचे कागदावर ठसे, सरपंचांचं भाषण, फोटो. हेतू चांगला आहे. शाळेत येणं ही मोठी गोष्ट आहे असं गावाला वाटावं. काही मुलं खूशही होतात. पण बुजऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी ढोलाच्या आवाजात, अनोळखी माणसांसमोर गुलाल लावून उभं करणं हे त्याच्या सोयीचं नसतं, ते मोठ्यांच्या हौसेचं असतं. माझं स्पष्ट मत आहे की हा सोहळा ऑगस्टात करावा. तोवर मुलाला वर्ग ओळखीचा झालेला असतो आणि त्यालाही मिरवावंसं वाटतं.

मूल शाळेशी जुळवून घेतं, तसं शाळेनंही मुलाशी जुळवून घ्यायला हवं, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक भावनगरला त्याच क्षेत्रातल्या गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या होत्या. १९४५ साली त्यांनी आत्ताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण आदिवासी पाड्यांवरची मुलं तिथवर येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, त्या केंद्रांना हेच नाव मिळालं. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी शिंपले, बिया, पानं आली. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून शाळेत येत नाही, हे लक्षात आल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. १९५७ साली हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हललं.

कोसबाडच्या मुलांची घरची बोली वारली होती. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, हा प्रश्न आजही तसाच आहे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारात भिली आणि पावरी बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा वर्गातली मराठी त्याला परकी असते. असं मूल काही महिने गप्प राहतं. ऐकत असतं, साठवत असतं, बोलत मात्र नाही. या गप्प काळावर 'मंद' असा शिक्का बसला की तो पुढे पुसता पुसत नाही. लहान मुलांना आरंभीचं शिक्षण मातृभाषेतून द्यावं, हे युनेस्कोनं १९५३ सालीच सांगून ठेवलं आहे. शिक्षकाला कोरकूतली चाळीस-पन्नास वाक्यं आली तरी पहिलीच्या वर्गातली हवा बदलते. पुण्या-मुंबईतले पालक हे वाचून हळहळतील, पण घरी मराठीच बोलणाऱ्या आपल्या मुलाला इंग्रजी बालवर्गात घातलं की त्याचीही गत तीच होते. फरक इतकाच की त्या गप्पपणाची फी आपण भरतो.

मग वाचन. देवनागरीत व्यंजनं ३५च्या आसपास, प्रत्येकाची बाराखडी धरली की ४००च्या वर आकार, जोडाक्षरं वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की अशा लिप्यांमधली अक्षरओळख पूर्ण व्हायला तिसरी-चौथी उजाडते. म्हणजे पहिलीच्या नाताळापर्यंत 'सगळं वाचता यायला हवं' ही अपेक्षाच चुकीच्या हिशेबावर उभी आहे. जुन्या रीतीत आधी 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी वर्णमाला, मग सगळी बाराखडी, मग शब्द. मुलाला वाचल्याचं सुख मिळेपर्यंत वर्ष संपायचं. त्यापेक्षा क, म, ल एवढी तीन अक्षरं आणि काना दिला, तर पहिल्याच पंधरवड्यात काका, मामा, काम, लाल, कमाल असे शब्द मूल स्वतः वाचतं. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये झालेल्या 'लिरिल' या संशोधन प्रकल्पानं याच अंगानं आरंभीच्या वाचनाकडे पाहिलं. आता बऱ्याच शाळा अक्षरगटांनी शिकवतात, पण घरी आजोबा मात्र अ अननसाचाच घेऊन बसतात. बसू द्यावं, अननसानं कुणाचं बिघडलेलं नाही.

एकाच बाकावरच्या दोन मुलांत केवढं अंतर असू शकतं, हेही लक्षात घ्यायला हवं. मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०१९च्या अहवालात देशातल्या २६ ग्रामीण जिल्ह्यांत पहिलीतल्या मुलांपैकी एक पंचमांशाहून अधिक मुलं अवघी चार-पाच वर्षांची निघाली आणि एक तृतीयांशाहून अधिक सात-आठ वर्षांची. या वयात एका वर्षाचा फरक म्हणजे आयुष्याचा पाचवा-सहावा हिस्सा. त्यामुळे 'शेजारचा बघ कसं सुंदर लिहितो' हे वाक्य बहुतेक वेळा दोन मुलांची नव्हे, दोन जन्मतारखांची तुलना करत असतं. एनसीईआरटीनं २०२१ साली 'विद्याप्रवेश' हा पहिलीच्या सुरुवातीचा १२ आठवड्यांचा खेळावर आधारलेला कार्यक्रम तयार केला, तो या फरकाला थोडी जागा मिळावी म्हणूनच. महाराष्ट्रानं २०२२ पासून 'पहिले पाऊल' या नावानं शाळापूर्व तयारीचे मेळावे आणि माता पालकांचे गट सुरू केले. त्यातला आयांच्या गटांचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो घरापर्यंत पोचतो. भाजी निवडताना शेंगा मोजणं, कपड्यांच्या जोड्या लावणं, एवढंच त्यात असतं आणि तेवढं पुरतं.

मैत्री बहुधा खिचडीच्या पंगतीत जमते. शालेय पोषण आहारातून प्राथमिकच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. त्या पंगतीत आणखी काय मिळतं ते कुठल्या तक्त्यात नाही. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळण्याच्या पायऱ्या मांडल्या, त्यात नुसतं बाजूला उभं राहून बघणं हीदेखील एक पायरी होती. मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभं राहणारं मूल एकटं पडलंय म्हणून आपला जीव तुटतो. ते लगोरीचे नियम शिकत असतं. काही दिवसांनी ते चेंडू आणून देऊ लागतं, मग एका डावात घुसतं.

पालकांना करता येण्यासारखं थोडकंच आहे. दारात निरोप सांगून घ्या, मूल दुसरीकडे बघताना गुपचूप सटकू नका; सटकलेल्या आईचं मूल दुसऱ्या दिवशी तिचा पदर अधिकच घट्ट धरतं. "थांब, बाईंना सांगते" ही धमकी घरातून हद्दपार करा, कारण दिवसातले पाच तास त्याला त्याच बाईंच्या भरवशावर काढायचे असतात. आणि पहिल्या वर्षात लग्नकार्यासाठी आठ-आठ दिवस घरी ठेवू नका. दिवाळीच्या सुट्टीनंतरही दोन-चार दिवस पुन्हा रडारड होते, पण तो आराखडा डोक्यात असल्यामुळे लवकर आटोपते.

मराठवाड्यातल्या हजारो मुलांना दिवाळीनंतर असं वर्गात परतायची संधीच मिळत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली ऊसतोड कुटुंबं कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागे आजी-आजोबा नसतील किंवा गावात हंगामी वसतिगृह चालू झालं नसेल, तर सहा वर्षांचं मूलही कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या तळावरच्या झोपडीत, जातं. जून ते ऑक्टोबर या चार महिन्यांत ते जेमतेम रुळलेलं असतं. गाळप हंगाम आटोपून ते मार्च-एप्रिलनंतर गावी परततं, आणि जूनमध्ये त्याचं नाव दुसरीच्या हजेरीपटावर लागतं.